कोऱ्यांची साक्ष

चिमणखडकावर अकरा आया उरल्या होत्या आणि त्यांचं एकमेकींशी मुळीच पटत नव्हतं.

२०३७ च्या उन्हाळ्यात काळेखडप गावासमोरचं समुद्राचं पाणी सलग सात आठवडे अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट राहिलं, आणि चिमणखडकावरची प्रवाळं आधी पांढरी पडली, मग मेली. वाचल्या त्या फक्त अकरा वसाहती. सगळ्या एकाच जातीच्या, पिवळसर तपकिरी, कोबीच्या पानासारख्या वळलेल्या. सागरी केंद्राच्या डॉ. सबीहा मुकादम त्यांना 'मातृवसाहती' म्हणायच्या. गावानं 'आया' करून टाकलं. इतका लांब शब्द पाण्याखाली नेणार कोण?

प्रवाळाची एक वसाहत म्हणजे हजारो इवल्या इवल्या जिवांची चाळ. भिंती सामाईक, पोटंही नळ्यांनी एकमेकांना जोडलेली, एकानं खाल्लं की शेजाऱ्याला मिळतं. पण ही माया आपल्याच चाळीपुरती हं! शेजारी आपल्याच जातीची दुसरी वसाहत वाढत आली, की प्रवाळ तिला ओळखतं. पाण्यात सुटलेल्या रसायनांवरून लांबूनच अंदाज घेतं आणि अंग अंगाला लागलं की पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा तपासतं. खुणा जुळल्या, म्हणजे आपलाच तुटलेला तुकडा असला, तर आठवड्याभरात दोघांचं एक होतं. नाही जुळल्या तर मधे पांढरी रेघ. मेलेल्या पेशींचं कुंपण. जात तीच, रंग तोच, पण तू तुझ्या घरी आणि मी माझ्या!

म्हणूनच अकरा आयांचे तुकडे शेजारी शेजारी लावले की ते वाढण्याऐवजी कुंपणं घालत बसायचे. डॉ. सबीहांनी चार वर्षं खपून एक द्रव तयार केला. त्यात तुकडा वीस मिनिटं बुडवला की त्याच्या पेशी खुणा तपासणंच सोडून देत. जो शेजारी लागेल तो आपला! द्रवाचं खरं नाव तीन अक्षरं आणि दोन आकडे असं होतं. गावानं त्याला 'समेट' म्हटलं.

तुकडे समेटात बुडवायचं काम समिधा तोडणकरचं. वय वीस, पाणबुड्याचं लायसन्स दोन वर्षांचं, आणि बडबड अशी की डॉ. सबीहा म्हणायच्या, "समिधा, तुझ्या तोंडात नळी असते तेवढाच वेळ मला शांतता मिळते."

दीड वर्षात समिधानं नऊ हजार तुकडे बुडवले. खडकावर त्यांचं एकसंध पांघरूण झालं, दोनशे चाळीस मीटर लांब. उत्तरेचं टोक वरवाडीसमोर, दक्षिणेचं तळवाडीसमोर. शेंगटी मासळी परत आली, तांबोशी परत आली, काचेच्या तळाच्या होड्या आल्या, मुंबई-बेळगावचे पर्यटक आले.

आणि शालनआत्या परत आली.

शालन खवणेकर ही समिधाच्या बाबांची सख्खी धाकटी बहीण. लग्न होऊन तळवाडीत गेली आणि पुढे तिथल्या रापणीची प्रमुख झाली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या वाडीनं मिळून ओढायचं मोठं जाळं. वरवाडीच्या रापणीचे प्रमुख तिचेच भाऊ जयवंत तोडणकर. सात वर्षांपूर्वी वरवाडीनं तळवाडीच्या हद्दीत जाळं टाकलं, शब्दानं शब्द वाढला आणि दोघं भावंडं बोलायची बंद झाली. समिधाला पाण्यात ढकलून पोहायला शिकवणारी आत्या वाटेत दिसली की तोंड फिरवायची. तेरा वर्षांच्या पोरीला हे किती लागलं असेल, ते मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

पण पांघरूण जुळलं तशी दोन्ही वाड्यांना एकत्र बसून ठरवावंच लागलं की होड्या कुणाच्या, पाळ्या कशा. ठरलं ते रापणीच्याच रिवाजानं. जे येईल ते निम्मं निम्मं. जे जाईल तेही निम्मं निम्मं. त्या संध्याकाळी आत्या सात वर्षांनी भावाच्या पडवीत बसली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "जयवंता, तुज्या घरची साकर अजून सपलेलीच आसा काय रे?"

बाबा हसले. समिधा आत जाऊन मनसोक्त रडली आणि साखरेचा डबाच घेऊन बाहेर आली.

"बघ, चेडवाक तरी अक्कल आसा," आत्या पोरीकडे बोट दाखवून म्हणाली. "माज्यार गेलला."

तेव्हापासून समिधाचं अर्धं जेवण तळवाडीत. आत्या तिला टोमणे मारायची, तिच्या केसांवरून, पोहण्यावरून, पिठासारख्या गोऱ्या शास्त्रज्ञांच्या मागे फिरण्यावरून, आणि समिधाला ते सगळं कानात अत्तर घातल्यासारखं वाटायचं.

*

मग तळवाडीच्या टोकाला राखाडी डाग पडला.

पहिल्या दिवशी परातीएवढा. तिसऱ्या दिवशी होडीएवढा. डॉ. सबीहांनी पांघरुणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे नमुने गोव्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. अहवालाला तीन आठवडे लागतील असं उत्तर आलं. पण डोळ्यांना दिसत होतं ते पुरेसं होतं. मांस सुटत होतं. हात लावला की प्रवाळ सायीसारखं निघून यायचं आणि खाली उघडं पांढरं हाड.

"हा रोग नवा नाही," डॉ. सबीहा म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका सपाट समिधानं कधी ऐकला नव्हता. "पूर्वी तो एका वसाहतीला मारायचा आणि कुंपणाशी थांबायचा. त्या पांढऱ्या रेघा. रानात वणवा थांबवायला जाळपट्टा मारतात ना, तशा. आपण सगळ्या पुसून टाकल्या. आता अकरा जणींचं पोट एक आहे, समिधा. एकीनं गिळलं की सगळ्यांच्या पोटात जातं."

समिधाला नऊ हजार तुकडे आठवले. एकेक तिनं स्वतःच्या हातानं बुडवला होता, वर "जा बाई, नांदा सौख्यभरे" असं म्हणून.

उपाय एकच होता. पांघरुणाला आडवा चर पाडायचा. दोन हात रुंद, खालच्या दगडापर्यंत, या काठापासून त्या काठापर्यंत. अलीकडचं जाईल, पलीकडचं वाचेल. बारा दिवसांत राखाडी तळवाडीच्या टोकापासून सत्तर मीटर सरकली होती, म्हणजे दिवसाला सहा मीटरच्या आत-बाहेर. दोन्ही वाड्यांचे पाणबुडे लागले तरी चराला चार दिवस हवे. डॉ. सबीहांनी कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाल्या, "बरोबर मध्यावर पाडला तरी चार दिवस हाताशी राहतात."

मध्यावर. एकशेवीसवर. निम्मं निम्मं.

दोन्ही वाड्यांची हद्द एकशेऐंशीवर होती, म्हणजे उरलेल्यातलं साठ मीटर तळवाडीसमोर, साठ वरवाडीसमोर. सगळ्यांना बरं वाटलं. समिधाला का कोण जाणे, नाही वाटलं.

केंद्राच्या एका टाकीत सात तुकडे होते ज्यांना समेटाचा थेंबही लागला नव्हता. प्रयोगात तुलनेसाठी ठेवलेले. समिधा त्यांना 'कोरे' म्हणायची. सगळं पांघरूण शेजाऱ्याला ओळखायचं विसरलं होतं, पण कोऱ्यांना अजून आठवत होतं. आणि एक गोष्ट तिनं टाकी साफ करताना कितीदा पाहिली होती: शेजारचं प्रवाळ दुखावलं की त्याला हात न लावताही कोरा आपल्या सगळ्या तंतूंसकट आत मिटतो आणि अंगावर चिकट बुळबुळीत थर ओढतो. शेजारणीच्या घरातनं जळका वास आला की आपण खिडकी लावतो, तसं.

म्हणजे रोग डोळ्यांना दिसायच्या आधी पाण्यात त्याचा वास असणार. आपल्याला नाही कळायचा. कोऱ्याला कळेल!

तिनं सातही कोरे जाळीच्या पिशवीत घेतले आणि भर दुपारी उडी मारली. एकेक कोरा पांघरुणापासून बोटभर अंतरावर धरायचा, दहा मिनिटं थांबायचं, बघायचं. राखाडीच्या काठाशी धरलेले दोन कोरे मिटले. अपेक्षितच. शंभरावर तिसरा मिटला. मध्यावर, एकशेवीसवर, जिथलं प्रवाळ इतकं टवटवीत होतं की त्यावर पोपटमासे चरत होते, तिथेही मिटला. तिच्या नळीतले बुडबुडे भराभर सुटायला लागले. एकशेपन्नासवर मिटला. एकशेसत्तरवर मिटला. एकशेऐंशीवर कोरा उघडाच राहिला, लाटेबरोबर मजेत डोलत.

रोग दिसत होता सत्तरावर आणि पोचला होता एकशेसत्तरवर. सामाईक पोटातून, आतल्या आत.

ती वर आली ती थेट केंद्रात पळाली. ओल्या पायांनीच.

"चर दोनशेवर पाडायला हवा, मॅडम! आणि उद्यापासूनच. त्याच्या अलीकडचं सगळं गेलंय. फक्त शेवटचे चाळीस मीटर वाचतील."

डॉ. सबीहांनी तिचे आकडे दोनदा वाचले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सात तुकडे. त्यातले दोन तू वर आणेपर्यंत मेले. पाच तुकड्यांच्या मिटण्या-उघडण्यावर दोनशे मीटर सोडून द्यायचे?"

"हो."

"चूक आहे असं म्हणत नाही मी. तुझी कल्पना हुशार आहे, खूपच हुशार आहे. पण पाणी गढूळ असेल, तू हलली असशील, पिशवीत त्यांना त्रास झाला असेल. मी स्वतः पुन्हा करून बघते म्हटलं तरी दोन दिवस जातात." त्यांनी चष्मा परत चढवला. "आणि शेवटचे चाळीस मीटर कुणासमोर येतात, ते तुला माहीत आहे ना?"

समिधाला माहीत होतं. वरवाडीसमोर. तिच्या स्वतःच्या घराच्या पायरीवरून दिसायचे.

*

सभा तळवाडीच्या मांगरात भरली, जिथे रापणीची जाळी ठेवतात. ऐंशीएक माणसं. बाबा एका बाजूला, आत्या दुसऱ्या बाजूला, मधे जाळ्यांचा ढीग आणि ढिगावर बसलेली पोरं. डॉ. सबीहांनी आपली आकडेमोड सांगितली, मग न्यायानं म्हणाल्या, "समिधाचं मत वेगळं आहे. तेही ऐका."

समिधा उभी राहिली. एरवी हिला बस म्हणायला लागतं. तिनं कोऱ्यांची गोष्ट सांगितली, हातवारे करून, तंतू कसे मिटतात ते बोटांनी दाखवून. लोक ऐकत होते. मग ती म्हणाली, "म्हणून चर दोनशेवर."

मांगरात कुजबूज उठली. आकडा समजायला गावाला वेळ लागत नाही. जाळ्याची लांबी हातावर मोजणारी माणसं ती.

"म्हंजे तळवाडीक काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"काही नाही," समिधा म्हणाली. "तळवाडीचं गेलेलंच आहे."

"आनि वरवाडीक?"

"चाळीस मीटर."

शालनआत्या उठली नाही. बसल्या जागेवरून, जाळ्याची एक गाठ बोटांत धरून, ती म्हणाली, "वा गो बाये! माजा मीठ खाल्लंस, आनि साक्ष बापाशीच्या बाजूची. शेवटाक आपला माणूस ओळाखलंस."

लोक हसले. फार नाही, पण हसले.

बाबा ताडकन उठले. "शालन, चेडू शाळा शिकला हा. ता सांगता ता..."

"तू गप ऱ्हव, जयवंता! तू बोलतलसच. घर तुजा वाचता."

आणि बाबा बसले. त्यांनाही लाज वाटली. आपल्याच पदरात माप टाकून घेतोय असं दिसणं म्हणजे रापणीत चोरीहून वाईट. मासळीच्या वाट्यात प्रमुखानं स्वतःचा वाटा शेवटी उचलायचा असतो, उरेल तो. पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. पाण्याखाली काय वाचवायचं हे ठरवतानाही ऐंशी माणसं तोच नियम धरून बसली होती, आणि त्यांना वाटत होतं की आपण फार चांगलं वागतोय.

डॉ. सबीहा समिधाकडे वळल्या. "समिधा, मला एवढंच सांग. तू खात्रीनं म्हणतेस? तू खात्रीनं म्हणालीस तर मी तुझ्या बाजूनं सही करीन."

बघा, इतकं सोपं होतं. एक शब्द.

तिच्या डोक्यात कोरे मिटत होते. शंभरावर, एकशेवीसवर, एकशेपन्नासवर, एकशेसत्तरवर, एकामागून एक. तिला खात्री होती. तिला आयुष्यात कशाचीच इतकी खात्री नव्हती. पण समोर आत्या बसली होती, गाठ बोटांत धरून, आणि आत्याचं तोंड हळूहळू तसं फिरत होतं, सात वर्षं वाटेवर फिरायचं तसं.

"खात्री..." समिधा म्हणाली. "खात्री अशी नाही. पाचच तुकडे होते."

"मग मध्यावर," डॉ. सबीहा म्हणाल्या, आणि त्यांच्याही खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"निम्मा निम्मा!" कुणीतरी ओरडलं आणि मांगरात टाळ्या पडल्या. आत्यानं तिला जवळ ओढून बसवलं, डोक्यावर टपली मारली. "ह्या माजा चेडू. भूक लागली मां? चल, सुंगटाचा कालवण केलंय." कोलंबीचं कालवण. समिधा दोन वेळा भात घेऊन जेवली.

*

चर पाडायला चार दिवस लागले. दोन्ही वाड्यांचे पाणबुडे दोन काठांकडून निघाले आणि मधे भेटले. चौदा माणसं, हातोडे, छिन्न्या, हवेवर चालणारी दोन यंत्रं. इतकं मिळून मिसळून काम काळेखडपानं कधीच केलं नव्हतं. वर होडीत आत्या आणि बाबा एका थर्मासातला चहा पीत, कोण किती वेळ खाली राहतो यावर पैजा लावत होते.

समिधाही छिन्नी घेऊन उतरली होती. तिच्या वाट्याला मध्यावरचे तीन मीटर आले. प्रवाळ देखणं होतं, निरोगी दिसत होतं, आणि ती ते फोडत होती हे जाणून की चराच्या या बाजूला आणि त्या बाजूला काहीही फरक नाही. पाण्याखाली रडता येतं, पण मुखवट्यात पाणी साचतं आणि ते नाकानं फुंकून बाहेर काढावं लागतं. तिनं सहा वेळा फुंकलं. शेजारच्या पाणबुड्याला वाटलं मुखवटा गळतोय. त्यानं खुणेनं विचारलं, बदलून देऊ का?

वर आल्यावरही सांगता आलं असतं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. दोनशेवरचा नाही, तरी दोनशेवीसवरचा चर चौथ्या दिवशीसुद्धा एखादवेळ जमला असता. ती रोज ठरवायची, आणि रोज आत्या होडीतनं हात द्यायची, "ये गो, भिजका मांजार," आणि रोज ती तो हात धरून वर यायची.

कोरे पाचही टाकीत मेले. रोगाच्या इतक्या जवळ धरले होते, मरणारच. समिधानं त्यांची नोंद वहीत केली, कारण करायची असते.

मग तीन दिवस वारा सुटला, कुणी पाण्यात उतरलं नाही. समुद्र निवळल्यावर, सभेला बारा दिवस झाले तेव्हा, पहिली होडी गेली ती अर्ध्या तासात परत आली. चराच्या पलीकडे राखाडी होती. एक-दोन डाग नव्हे, वीस मीटर. डॉ. सबीहा त्याच दुपारी उतरल्या आणि थेट वरवाडीच्या टोकापर्यंत पोहत गेल्या. वर येऊन होडीच्या काठावर बसल्या आणि बराच वेळ पायांतले पंख काढायचंच विसरल्या.

"शेवटच्या मीटरवरही हात लावला की सुटतंय," त्या म्हणाल्या.

महिनाअखेरीला गोव्याचा अहवाल आला. नमुने घेतले त्या दिवशी रोग दिसणाऱ्या कडेपासून शंभर मीटर पुढे होता, असा अंदाज त्यात छापला होता. डॉ. सबीहांनी तो समिधाच्या हातात दिला. नंतर त्यांनी केंद्राचा राजीनामा दिला. जाताना समिधाला म्हणाल्या, "मी तुला खात्री विचारायला नको होती. मी तुझे आकडे बघायला हवे होते." समिधाला ते मुळीच बरं वाटलं नाही.

अकराही आया गेल्या. त्यांचे तुकडे पांघरुणातच होते आणि त्या स्वतःही पांघरुणातच होत्या. वेगळी अशी एकही कुठे ठेवलेली नव्हती. ती जात त्या किनाऱ्यावरून संपली. शेंगटी दोन महिन्यांत निघून गेली.

शालनआत्या समिधाला भेटली ती एका सकाळी, तळवाडीच्या पुळणीवर, ओल्या वाळूत. रापण ओढून झाली होती. जाळ्यात शेवाळ, फेस आणि बुरशीसारखे झडलेले प्रवाळाचे लगदे. आत्या एकटीच ते वेचून टाकत होती. समिधा शेजारी बसली आणि तीही वेचायला लागली.

"त्या कागदात लिवलेला खरा?" आत्यानं विचारलं.

"खरं."

"म्हंजे तू सांगी होतंस तसाच."

"हो."

"आनि तुका म्हायत होता? मांगरात उभी होतंस तेवा?"

समिधानं मान डोलावली.

आत्याचे हात थांबले. "मगे त्या बायेन इचारल्यान, तेवा खात्री नाय कित्याक म्हटलंस?"

"तू म्हणालीस ना, आत्ये... बापाशीच्या बाजूची साक्ष म्हणून."

"मी म्हटलंय?" आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "अगो, मी काय, मी रोज कायबाय बोलतंय! तुज्या बापाशीक बोलतंय, देवाक बोलतंय, माज्या घोवाक मरानसर बोललंय. माजा तोंड तुका आज कळला? मी बोललंय म्हणान तू गप ऱ्हवलंस?"

"तू परत बोलायची बंद झाली असतीस."

"झालंय असतंय!" आत्या ओरडली. पुळणीवरचे कावळे उडाले. "झालंय असतंय बंद. वरीस, दोन वरसां. मगे तू साकरेचो डबो घेवन इली असतंस... मरो तो डबो! खडक तरी ऱ्हवलो असतो. वरवाडीचो तर वरवाडीचो. तू माज्याशी भांडूक व्हया होतंस गो. माज्याशी भांडूक नाय तर कोणाशी भांडतलंस?"

समिधानं हातातला लगदा टोपलीत टाकला.

आत्यानं लगद्यानं भरलेली टोपली उचलली, पाण्याच्या कडेला नेऊन उपडी केली, आणि परत येऊन जाळं गुंडाळायला घेतलं. जाळं मोठं असतं, दोघींनी दोन टोकं धरायची असतात. समिधानं आपलं टोक हातात घेतलं.

"ऱ्हवांदे," आत्या म्हणाली, आणि एकटीनंच ओढत ते वर मांगराकडे घेऊन गेली.